मलाही अंगण लागते

मित्रांनो, मी जमिनीवरचे एक म्हातारे कासव आहे. ‘जमिनीवरचे’ हा शब्द नीट ऐका. तो कोणी ध्यानात घेतला नाही म्हणून मी मरणाच्या दारात जाऊन आले.

१९७४ साली मी तळहातावर मावण्याएवढे होते. पिंपळगावहून कांदे घेऊन गुजरातेत जाणाऱ्या देवराम टेम्पोवाल्याने मला एका माळावरून उचलले आणि नाशिकला आपल्या मित्राला, रंगनाथला, देऊन टाकले. मला विचारले कोणी? रंगनाथ कचेरीत कारकून होता. त्याने मला कौतुकाने पाण्याच्या बादलीत सोडले. मी पाय मारून मारून थकले. त्याची बायको लताबाई शाळेत शिकवायची. ती ओरडली, “अहो, ते पोहत नाहीये, बुडतंय!” तिनेच मला बाहेर काढले.

मग मी अंगणात मोकळे फिरू लागले. गवत आणि जास्वंदीची फुले खाऊन नारळाएवढे झाले. पण एकदा फाटकाखालून रस्त्यावर गेले आणि कुत्र्याने मला तोंडात धरले. कवचावर त्याचे दात उमटले. तेव्हा रंगनाथने पिंजरा केला. कुठे? फाटकाजवळ, शहाबादी फरशीवर, सगळ्यांना दिसावा म्हणून! चारी बाजूंना जाळी, सावली कुठेच नाही. पाहुणे म्हणत, “वा, झकास पिंजरा केलाय!” स्तुती पिंजऱ्याची, माझी नव्हे. जाळीपलीकडचे गवत मला दिसे, म्हणून मी दिवसभर जाळीला धडका देई. त्यावर लोक म्हणत, “बघा, कसं नाचतंय!” नाचत होते म्हणे!

एका एप्रिलात मी जाळीवर चढायला गेले आणि उताणे पडले. फरशी तव्यासारखी तापली होती. माझे पाय हवेत. रस्त्यावरून माणसे जात होती, थांबून हसत होती, पुन्हा चालू लागत होती. माझ्या तोंडाला फेस आला.

रंगनाथची आई भिमाबाई गावाहून आली होती. उन्हातले पापड उलटायला ती बाहेर आली आणि मला पाहून किंचाळली, “आरं रंगा, पापड वाळला तर आपण घरात घेतो. ह्याला कोण घेणार?”

रंगनाथ धावत आला. त्याने मला अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली नेले, अंगावर पाणी शिंपडले. दिवस मावळेपर्यंत मी मान बाहेर काढली नाही. तोही तिथून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पिंजरा मोडायला घेतला. लताबाई म्हणाली, “नवं बांधायची घाई नको. आधी ऊन कुठून कुठे सरकतं ते बघू.” पेरूखालची जागा तिला पसंत पडली. सकाळी ऊन, दुपारी सावली. तिने मातीवर काठीने आणि फरशीवर खडूने रेघ ओढून मोठा चौकोन आखला.

“एवढी जागा? माझी स्कूटर कुठे लावू?” रंगनाथ म्हणाला.

“ते अजून वाढणार आहे. आजच्या मापाचं बांधलंत, तर उद्या पुन्हा पिंजराच होईल.”

रंगनाथ आत गेला. मग कुदळ घेऊन आला. मी माती उकरते म्हणून त्याने विटांची भिंत हातभर जमिनीत पुरली. पलीकडचे दिसून मी धडका देऊ नयेत म्हणून जाळीऐवजी भिंतच ठेवली. लपायला अर्धा माठ आडवा पुरला, पाण्याला उथळ ताटली ठेवली, रात्री झाकायला जाळीचे झाकण केले. आणि स्कूटर? ती रस्त्यावर उभी राहू लागली.

१९८६ साली रंगनाथच्या कचेरीतला वाळू नावाचा सोबती माझे अंगण पाहायला आला. त्याच्या हातात बुटांचे खोके होते. आत एक इवलेसे कासव!

“मीपण घेतलं,” तो हसून म्हणाला.

“ठेवणार कुठे?” रंगनाथने विचारले.

“ह्यातच की. केवढंसं आहे ते!”

“वाढणार नाही ते? त्याला ऊन नको? माती नको? आधी जागा करायची, मग जीव आणायचा, एवढं कळत नाही?” रंगनाथ असा कडाडला की शेजारी बाहेर आले. मित्रांनो, मला बोलता येत नाही. बारा वर्षे आत साठलेला माझा राग मी त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला.

वाळू खोके तिथेच ठेवून खाली मान घालून गेला. रंगनाथने ते पोर माझ्याजवळ सोडले. मग त्याने कुदळ उचलली आणि माझ्या अंगणाची एक भिंत पाडायला घेतली. आता दोघांना जागा लागणार होती.