सातव्या पिढीचं अक्षर

"अगं, माझ्या लेकीला गाळलंस की काय?" चुलत बहिणीचा फोन आला, तेव्हा भाची आत्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातच बसली होती. आत्याने वीस वर्षं खपून, जुनी पत्रं धुंडाळून, म्हाताऱ्यांना विचारून विचारून घराण्याच्या सात पिढ्या कागदाच्या कपट्यांवर जमवल्या होत्या. भाचीचा धंदाच वेबसाइट बनवायचा. तिने त्याचं पान केलं: आईबापांच्या यादीच्या पोटात मुलांची यादी, तिच्या पोटात नातवंडांची, अशी थेट खालपर्यंत.

तान्ह्या मुलीचं नाव पानावर होतं. पण मुंगीएवढं.

भाचीने सगळ्यात आतली यादी तपासली. तिथे अक्षराच्या आकाराबद्दल चकार शब्द नव्हता. "लहान केलंच नाहीये, तरी लहान!" तासभर डोकं खाजवून ती वैतागली.

आत्याने भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्यावरच एकेका पिढीची अक्षरं मोजली. "शेवटच्यांनाच काय धरून बसलीस? वरून बघत ये. दर पिढी आधीच्या पिढीपेक्षा सारख्याच हिश्शाने बारीक होतेय. घड्याळाच्या चाकांसारखं. एकाची गती दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला."

भाची चमकली. यादीतल्या सगळ्या ओळींसाठी तिने एकच नियम लिहिला होता: अक्षर पंच्याऐंशी टक्के. पण कशाच्या? ती ओळ जिच्या पोटात, तिच्या! म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांचे पंच्याऐंशी टक्के, असं सात वेळा. तिने नियमातलं 'ईएम', म्हणजे वरच्या ओळीवरून घ्यायचं माप, खोडून 'आरईएम' लिहिलं. आता प्रत्येक ओळ मधल्या कुणालाही न विचारता थेट मूळ पानावरून माप घेणार होती.

भाचीने पान पुन्हा उघडलं. एका इंग्रजी अक्षराची भर, आणि चारशे बारा माणसं एका उंचीची झाली होती. तिने बहिणीला लगेच कळवलं, "आहे गं तुझी लेक. खापरपणजीएवढी मोठी."

आत्या मात्र पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत होती. एकेक माणूस तिने वेगवेगळ्या वर्षी शोधलं होतं. सगळी एकत्र अशी कधी पाहिलीच नव्हती.

"अगं बाई, इतके आहोत आपण?" अखेर ती पुटपुटली. मग उठून तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, खुर्ची पडद्याजवळ घेतली, आणि पहिल्या नावापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.