बोटभर जागा

आकाराम लोहारानं खोटं बोलताना एक चूक केली, तो रंगवून बोलला. साधं खोटं चार दिवसांत विरून जातं, रंगवलेलं मात्र गाव सोडत नाही. सन सेहेचाळीसला लढाईवरून पाटणला परतला तेव्हा म्हणाला, "आमी मोटारींच्या कारखान्यात हुतो. जीपगाड्यांच्या पोटाखाली पत्रे बसवायचं काम आमच्याकडं." खरं काय, तर चार वर्षं हा गडी पलटणीतल्या खेचरांना नाल मारत होता. आता यात लाजायचं काय? पण घर सोडताना बापाला, गुंडातात्याला, तोऱ्यात सांगून गेला होता की बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकत मी जन्म काढायचा न्हाई. समुद्र ओलांडून पुन्हा नालच मारले, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि म्हातारा तर पोरगा मोटारीचा मिस्त्री झाला हे गावभर सांगण्यावरच जगत होता.

खोट्याला पाय नसतात म्हणे. ह्याच्या खोट्याला चाकं आली! गावचे बडे जमीनदार लालासाहेब, त्यांनी पुण्यात लष्करी लिलावात एक जीप घेतली. कोयनेकडच्या वाटेवर दगड तिचं पोट खरवडायचे. एक दिवस त्यांनी ती आणून भट्टीसमोर उभी केली.

"आकाराम, ह्ये तुझंच काम. दोन्ही अंगांना आन पोटाखाली जाड पत्रे मार."

नाही म्हणायला तेवढाच एक क्षण होता. तात्या भात्याजवळ बसून हसत होता. आकाराम म्हणाला, "व्हय की मालक."

बाजूचे पत्रे झकास बसले. हात चांगलाच होता त्याचा, उगाच कशाला नाही म्हणा. मग तो पोटाखाली शिरला. नालाचा कायदा एकच असतो. खूर आणि नाल यांच्यामध्ये बोट शिरता कामा नये, शिरलं तर नाल उपटलाच म्हणून समजा. त्यानं इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला पत्रा असा घट्ट चिकटवला की मधून सुतळी जाईना.

लालासाहेबांचा ड्रायव्हर ज्ञानू. लढाईत सहा वर्षं त्यानं ट्रक हाकलेला. तो खाली वाकून बघून आला.

"गड्या, बोटभर जागा सोडायची न्हाईस व्हय? दगडाचा दणका सरळ आत जाईल की."

"तू गाडी हाक," आकाराम खेकसला. "लोखंड मला कळतं."

ज्ञानूनं त्याच्याकडं बघितलं, तात्याकडं बघितलं, आणि गुडघ्याची माती झटकली.

आठवडा झाला नसेल. लालासाहेबांची आई, साळूबाई, हेळवाकला लेकीकडं तापानं फणफणली. तिला जीपमधून पाटणच्या डॉक्टरकडं आणताना वाटेत दगड लागला. दगडानं पत्र्याला आणि पत्र्यानं चेंबरला ढुशी दिली. सगळं तेल रस्त्यावर सांडलं, इंजिन जाम. घोंगड्याच्या झोळीत घालून म्हातारीला माणसांनी चार कोस वाहून आणलं. वाचली, हे तिचं नशीब.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं लालासाहेबांनी ज्ञानूला चारचौघांत धरलं. "डोळं फुटलं हुतं का रं? आकारामनं येवढा पत्रा मारून दिला, तरी फोडलीस? उद्यापास्नं येऊ नगं!"

 ज्ञानूनं फक्त एकदा आकारामकडं बघितलं, आणि आकाराम स्वतःच्या वहाणांकडं बघत राहिला. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं त्याला झालं. पण जमीन कधी वेळेवर दुभंगली आहे? नुसतं तोंड उघडलं असतं तरी भागलं असतं. ते उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी ज्ञानू बैलजोडी घेऊन भट्टीवर आला. आता तो दुसऱ्याची बैलगाडी हाकत होता. आकारामला ओलांडून तो थेट म्हाताऱ्यापाशी गेला.

"तात्या, पत्र्या मारून द्या."

"आकाराम मारंल की."

"नगं. त्यो मोटारीचा मिस्त्री. त्येला कशाला ह्या कामाला?"

ह्यात टोमणा असता तर आकारामनं सोसला असता. टोमणा नव्हताच हो, तेच तर वाईट! बैल आडवा पाडला, तात्यानं हातोडा उचलला, आणि आकारामनं तो हातोडा धरला.

"तात्या, मी लढाईत ह्येच करत हुतो. खेचरांना नाल मारत हुतो. मोटारीला कवा हात लावला न्हवता. चेंबर माझ्या पत्र्यानं फुटला."

 ज्ञानू म्हणाला, "मला ठावं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"आरं, तात्या बसलं हुतं न्हवं तिथं. कसं बोलायचं?"

म्हातारा उठला. "नाल मारलंस, पोटासाठी मारलंस, त्येची मला लाज न्हाई. पर माझ्या अब्रूपायी ह्यो पंधरा दिस बोलणी खातोय, आन तू माझ्या शेजारी बसून भाकरी मोडतुयास? चल लालासाहेबांकडं."

"मी एकटा जातो, तात्या."

"गप. बढाई मारत गावभर मी हिंडलोय."

म्हातारा पुढं निघाला. पहिल्या दुकानापाशी थांबून म्हणाला, "आमचा पोरगा मिस्त्री न्हाई बरं का. मी चुकीचं सांगितलं." शिंप्याकडं तेच, वाण्याकडं तेच, पाणी भरायला निघालेल्या बनुबाईलाही तेच. प्रत्येक दारात आकाराम मागं उभा राहून ऐकत होता. लालासाहेबांच्या वाड्यापर्यंत पोचेतोवर सगळ्या पेठेला कळलं होतं. ज्ञानूला त्याच दिवशी कामावर घेतलं. आकारामला सांगायला काही उरलंच नव्हतं, तरी त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं.