बेल-भंडार

"दुकानात कामगार संघटना असल्याचे मालकांना या कार्यालयाच्या नोटिशीवरूनच प्रथम समजले. सबब निता राठोड हिला कमी केले ते ग्राहकांशी उद्धट वागल्यामुळे, संघटनेमुळे नव्हे."

हिंगोलीतील साड्यांच्या दुकानाचे मालक संतरामशेठ यांचे हे निवेदन त्यांच्या वकिलाने कामगार अधिकाऱ्यांपुढे वाचले. अज्ञान इतके नेमके बेतलेले क्वचितच पाहायला मिळते. कारण निताला काढण्याच्या आदल्या सकाळी याच मालकांनी सगळ्या विक्रेत्या बायकांना गल्ल्यासमोर उभे केले होते. ताटात बेलाची पाने आणि भंडारा. "उचला, आन् म्हणा, मी युनियनमधी न्हाई." बेल-भंडार उचलून खोटे बोलणाऱ्याचे घर बसते, ही धास्ती इथे कायद्याहून जुनी आहे. उभे केले, यात नवे काही नव्हते. त्या दिवसभर उभ्याच असत. गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल द्यावे, एवढीच संघटनेची मागणी होती.

निता पुढे होती. मागे मंजुषा, संघटनेच्या अर्जावर तिचीही सही होती, आणि तिला खोटे जमणार नव्हते, खरे परवडणार नव्हते. निताने ताट सारले.

"मी हाय, शेठजी. बाकीच्यांना काहून देवाचा धाक दाखवून राहिले?"

आज साक्षीला आलेली मंजुषा खाली पाहत म्हणाली, "मला काही म्हाईत न्हाई." निताला राग आला नाही. मंजुषाची नोकरी वाचावी म्हणूनच तर ती त्या सकाळी पुढे होऊन बोलली होती.

साक्ष संपली. पुरावा उरला नाही. अधिकारी फाईल मिटू लागले, तेव्हा निताने पिशवीतून पुडी काढून टेबलावर उलगडली. बेल आणि भंडारा.

"साहेब, शेठजींनी हे उचलावं आन् म्हणावं, मला म्हाईत नव्हतं. मंग मी पुन्हा दुकानाची पायरी चढणार न्हाई."

"कायद्यात हे बसत नाही," वकील म्हणाले. मग शेठच्या कानाशी, "उचला की काका. हळदच आहे. वसमतच्या बाजारात पोत्यानं मिळते."

शेठचा हात पुडीपर्यंत गेला आणि थांबला. वकिलाने त्यांचे कोपर दाबले. हात हलला नाही. देवावर त्यांची श्रद्धा खरी होती. कामगार कायद्याच्या वाट्याला ती कधी आली नव्हती, इतकेच.

अधिकाऱ्यांनी शेठचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले:

"यावर हात ठेवून खोटं बोलणार न्हाई. मला म्हाईत होतं. तिनं तोंडावर सांगितलं, म्हणून दुसऱ्या दिवशी काढली. बाकीच्या बायांना दहशत बसावी म्हणून काढली. उद्धटपणाचं नंतर लिहिलं."