कुळाचार

कल्पनाताई म्हणजे बेडकांच्या शास्त्रज्ञ. ताम्हिणीच्या घाटात गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या की त्यांना तहानभूक आठवत नसे. पण गुणी माणसाला खुर्ची चिकटतेच. विभागप्रमुख झाल्या, तेव्हा बेडकांना फक्त रविवार उरला. अधिष्ठाता झाल्या, तेव्हा गमबूट माळ्यावर गेले. आणि आता विद्यापीठानं कुलगुरूपद देऊ केलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

पद त्यांना हवं होतं, खोटं कशाला बोला! विद्यार्थ्यांसाठी काय काय करायचं, याचे मांडेही मनात खाऊन झाले होते. पण बेडूक कायमचे सुटणार म्हणून जिवाची नुसती उलघाल चालली होती. शेवटी त्यांनी माळ्यावरचे गमबूट काढून गाडीत टाकले आणि सरळ ताम्हिणी गाठली. तिथं रत्नाबाईंचं घर म्हणजे त्यांचा नेहमीचा मुक्काम.

"काय होनार म्हनालात?" रत्नाबाईंनी चुलीपाशी बसूनच विचारलं.

"कुलगुरू."

रत्नाबाई लगबगीनं उठल्या, परात आणि तांब्या घेऊन आल्या. "पाय फुडं करा ताई."

"अहो, हे काय?"

"कुळाचा गुरू ना? सासऱ्यांच्या टायमाला आमचा यायचा. पाय धुतल्याबिगर घरात घ्यायचो न्हाई."

कल्पनाताईंना हसू आवरेना. "तसला गुरू नव्हे हो! विद्यापीठाचा मुख्य. ऑफिसात बसायचं, सह्या करायच्या."

"बसायचं?" रत्नाबाईंचा तांब्या हातातच राहिला. "गुरू कुटं बसून ऱ्हातोय व्हय? दर पावसाळ्याला त्यानं कुळाच्या दारी यायचं असतं. न्हाई आला, तर त्यो कसला गुरू? तुमचं कूळ कंचं?"

मागच्या डबक्यात एक बेडूक जीव खाऊन ओरडत होता. ताईंनी तिकडे बोट केलं.

"मंग झालं की! त्यांच्याकडं कोन बगनार?"

ताईंनी पिशवीतून मोबाइल काढला. अंगणातल्या जांभळीखाली रेंज येते. तिथं जाऊन त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना, हैबतरावांना, फोन लावला.

"मला मान्य आहे. फक्त दर पावसाळ्यात आठवडाभर मी ताम्हिणीला असेन."

"कशासाठी?"

"कुळाचार आहे."

हैबतराव देवभोळे गृहस्थ. "अरे बापरे, मग तो चुकवून कसं चालेल!" ते घाईघाईनं म्हणाले.

ताई हसत हसत परत आल्या आणि परातीत पाय ठेवून म्हणाल्या, "रत्नाबाई, माझे गमबूट आता इथंच राहू देत."