पहिलवानाचा पाय

"रंग लावायचा नाही असं ठरलं होतं," आत्या म्हणाली. तिने डबा छातीशी धरला होता.

"शिंगावर नुसता एक हात मारतो हो," खेळण्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला. "टीव्हीवरच्या भुंगावीराचं शिंग सोनेरी असतं. मुलं तेच बघायला आलीत."

बाहेर पुठ्ठ्याची शिंगं लावून मुलं रांगेत उभी होती. बाबा या दुकानात पंधरा वर्षं विक्रेते होते. 'माझ्या बहिणीकडे खराखुरा शिंगवाला भुंगा आहे, एक दिवस आणतो,' असा शब्द त्यांनी मालकाला परस्पर देऊन टाकला होता. आता ते आत्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

माझी आत्या दवाखान्याच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करते. नाकावर माशी बसू देत नाही, पण हातावर गेंडा भुंगा बसवून घेते. तिचा पहिलवान दोन वर्षं अळी होऊन कुजक्या लाकडाच्या भुशात पडून होता. दर महिन्याला ती भुसा बदलायची आणि आम्ही तिची टिंगल करायचो. बाहेर आल्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम तीन-चार महिने येतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बाबांनी तिच्या हातातला डबा काउंटरवर ठेवला आणि तिला बाजूला नेलं. "ताई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे गं."

तेवढ्यात मालकाने डबा उघडला आणि फांदीला घट्ट धरून बसलेल्या पहिलवानाला खसकन ओढलं. नवखी माणसं हीच चूक करतात. भुंग्याला ओढायचं नसतं, मागून हलकेच बोट लावलं की तो आपणहून पुढे चालतो. एका पायाचं आकडेदार टोक तुटून फांदीलाच अडकून राहिलं.

"पाच आहेत की अजून!" मालक हसला. "हवं तर नवा आणून देतो."

आत्याचा आवाज चढला नाही, याचीच मला भीती वाटली.

"आणि त्याची दोन वर्षं? ती कुठून आणाल?"

तिने पहिलवानाला मनगटावर घेतलं आणि सरळ दारात, मुलांपुढे जाऊन उभी राहिली.

"हा सोनेरी नाहीये," पहिल्याच मुलीने तोंड वाकडं केलं.

"नाहीच मुळी. हा खरा आहे. आणि त्याला लागलंय, म्हणून हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

वाकून बघताना शिंगं एकमेकांना लागायला लागली, तशी मुलांनी ती काढून टाकली.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक बाबांना म्हणाला.

बाबांचा चेहरा पडला. मग त्यांनी गळ्यातलं दुकानाचं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं आणि रिकामा डबा उचलला.

"चल, ताई."

घरी पहिलवान फांदीवर चढायला लागला. दुखरा पाय दर वेळी निसटत होता. बाबांनी आधाराला बोट पुढे केलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "त्याचं त्याला चढू दे."

तो वर पोचेपर्यंत आमच्यापैकी कुणीच बसलं नाही.