गोरोबाला धोंडी केलं

बहात्तरच्या दुष्काळात तामलवाडीच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं. तवाच गुलाबनं मनावर घेतलं, थोरल्या भावाला, गोरोबाला, कामाला लावायचं. गोरोबा अंगानं वीस वर्षांचा गडी, डोक्यानं पाच वर्षांचं पोर. आय त्याला अजून हातानं भरवायची. गुलाबनं ते बंद केलं. सदऱ्याची गुंडी लावायला शिकवताना त्याला दोनदा बदडलं अन् मग सोताच रडत बसली. कोरड्या वढ्यात मातीची पाटी डोक्यावर देऊन वर-खाली चालवलं. पार शिकलं बेणं!

मुकादम वीरप्पा म्हणला हुता, "सोमवारी येऊ दे. पण बोट धरून न्हाय. एकटा आला अन् गप पाटी वाहिली, तर ठिवतो."

म्हणून सोमवारी गुलाब मुद्दाम म्होरं गेली. ऊन चढलं तरी गोरोबाचा पत्ता न्हाय. ती तरातरा गावाकडं वळली.

वेशीतच हलगी वाजत हुती. म्होरं सोसायटीचा चेअरमन बलभीमतात्या, मागं बाया, अन् मधी गोरोबा नुसत्या लंगोटीवर. कमरेला लिंबाचा पाला, डोक्यावर पाट, पाटावर शेणाचा बेडूक. पाऊस पडावा म्हणून गावानं त्याला धोंडी केलं हुतं. दारोदारी बाया त्याच्यावर तांब्या वतत हुत्या. आडात उतरून वाटीनं भरलेलं पाणी ते! शेण विरघळून त्याच्या नाकातोंडात चाललं हुतं. बोटं उघड्या छातीवर गुंडी हुडकत हुती.

गुलाबला शिसारी आली.

"तात्या, धोंडी बारक्या पोराला करतेत. बाप्याला न्हाय."

"ह्यो कुठला बाप्या? पोरं समदी तलावावर दुष्काळाची सरकारी सुकडी खायला गेली. अन् ह्यो देवाचं लेकरू. ह्याचं देव ऐकंल."

"तुमचा बंडप्पा बसलाय की घरी. करा पोराला नागवा!"

हलगी थांबली. तात्याचं पान गालातच राहिलं. "पोरी, जीभ आवर!"

"पाऊस तुमच्या उसाला पायजे, अन् लंगोटी आमच्या गोरोबाला व्हय?"

तिनं पाट ढकलून दिला, तात्यानं काखेत मारलेला गोरोबाचा सदरा वढला, त्याच्या अंगात घातला अन् कमरेच्या पाल्यासकट त्याला तसाच तलावावर नेला. वीरप्पानं कुरकुरत पाटी दिली.

गोरोबा नीट चालला. बांध चढायला लागला. तवर पाट्या वाहणाऱ्या बायांतली भिमाबाई रांग सोडून आली अन् भसकन त्याच्या पायावर पडली.

"धोंडी हाय गं! पाया पडा!"

मग दुसरी, मग तिसरी. पाट्या सांडल्या, रांग मोडली.

"काम करायलाव का जत्रा भरवायलाव?" वीरप्पा खेकसला. त्यानं गोरोबाची पाटी उतरवून घेतली. "न्हाय जमायचं, पोरी. धोंडीला मातीला लावलं अन् पाऊस न्हाय आला, तर गाव माझं टाळकं फोडंल."

बायांनी गोरोबाला बाभळीखाली बसवलं. भिमाबाई आपल्या हातानं त्याला सुकडी भरवायला लागली. त्यानं आ केला. गपागप गिळलं. लाळ सदऱ्यावर आली, तरी पुसली न्हाय. मग आपसूक दोन्ही पाय म्होरं केले.

"ऊठ," गुलाब म्हणली.

"पाया पड," गोरोबा हसून म्हणला.

ती बायांच्या म्होरं पचकन थुंकली. त्याच्या तोंडाम्होरचा घास हिसकून मातीत फेकला अन् दंड धरून त्याला उठवायला लागली. वीस वर्षांचा गडी, उठंना. अन् एक बाई हात लावंना. देवाला कोण वढतंय!