फळीवरची बोटं

मी एक जुना वर्गफोटो आहे. दहावी, तुकडी ब. जन्मतः काळा-पांढरा होतो, ओल लागून आता बराचसा तपकिरी झालो आहे. मित्रांनो, फोटोला स्वतःचं आयुष्य नसतं. जे असतं ते इतरांचं, तेही श्वास रोखून धरलेलं. तरी माझं ऐका. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, आणि नेमकं तेच माझ्यात धड दिसत नाही.

मला शाळेच्या पटांगणात काढलं. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, त्यांच्यामागे उभी मुलं आणि सगळ्यात मागे बाकांवर चढलेली मुलं. त्यातला टोकाचा बाक एका पायाने लंगडा होता. कोणी शिंकलं तरी अख्खी रांग डुलायची.

"वर्ग आहे का होडी?" फोटोग्राफर ओरडला.

त्याच बाकाच्या टोकावर मॉनिटर छाती काढून उभा होता. त्याने पदाला शोभेल अशा आवाजात फर्मावलं, "कोणीतरी खाली बसून धरा रे!"

कोणीतरी म्हणजे कोण, हे वर्गाला पाठ होतं. एक मुलगा मुकाट्याने खाली उतरला, बाकामागे उकिडवा बसला आणि त्याने फळी धरली. "तुझा वेगळा काढू नंतर," सर म्हणाले. मी निघालो आणि रोल संपला.

त्या दिवसापासून त्याचं नाव टेकू पडलं. माझ्या उजव्या कडेला, फळीवर, त्याची बोटं तेवढी आली आहेत. तीन बोटांनी फळी घट्ट धरली आहे. करंगळी मात्र वेगळीच, बाहेर. लहानपणी ती दारात चेमटली होती आणि नंतर कधी मिटलीच नाही.

सुरुवातीला माझे लाड झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी टांगलेला असे. माजी विद्यार्थी येत, माझ्यापुढे उभे राहत आणि स्वतःला शोधत. सापडले की निघून जात. पुढे माझ्या जागी अग्निशमनाची नळकांडी आली. त्यांचा निदान उपयोग तरी होता. मी जिन्याखाली गेलो, तिथून भांडारात, मोडक्या खुर्च्यांमागे. तिथे कसर लागली. मला आजवर सगळ्यात मन लावून पाहिलं असेल, तर त्या किड्यांनी.

मग एके दिवशी मला शोधत माणसं आली. टेकू गेला होता. पंपदुरुस्तीच्या दुकानात दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. जातानाही कोणाला हाक मारून त्रास दिला नाही. वर्गाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला, आणि शोकसभा घ्यायचं ठरलं. त्याच्या बायकोला बोलावलं, तेव्हा तिने फोनवर एकच विचारलं होतं, "ह्यांचा शाळेतला एकही फोटो घरी नाही. तुमच्याकडे आहे ना? मग येते."

आता टेकूचा चेहरा कोणालाच आठवेना. पण मॉनिटर गणितात हुशार होता. त्याने मला टेबलावर आडवं घातलं आणि प्रत्येकाला स्वतःवर बोट ठेवायला लावलं. हा मी. हा तू. हा जाड्या. हा परदेशातला. हा वारलेला. शेवटी एक चेहरा उरला.

"उरला तो टेकू," मॉनिटर म्हणाला. "साधी वजाबाकी आहे."

"बघ हां," डॉक्टर झालेला एक जण म्हणाला, "शाळेत तुझा हातचा राहायचा."

सगळे हसले आणि उरलेला चेहरा मोठा करून घ्यायला गेले. मित्रांनो, तो मुलगा 'क' तुकडीतला होता. तास चुकवून आमच्यात घुसला होता.

सभेच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये त्या घुसखोराचा भलामोठा फोटो, पुढे फुलं, आणि मी खाली भिंतीला टेकलेला. टेकूची बायको आली. आल्या आल्या तिने मोठा फोटो पाहिला, जवळ जाऊन पाहिला.

"हे नाहीत हे."

"वहिनी, लहानपणी सगळेच वेगळे दिसतात," मॉनिटर समजुतीने म्हणाला.

"कान कुठे बदलतात, भाऊजी?"

मग ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि एकेक चेहरा पाहत गेली. पहिली रांग. दुसरी. तिसरी. डोळे कडेपर्यंत आले आणि थांबले. तिने काचेवर बोट टेकवलं.

"ही करंगळी ह्यांची. चहाचा कप धरला तरी अशीच बाहेर राहायची."

डॉक्टर वाकला. त्याचा चेहरा उतरला. "अरे... तो खाली होता. आपण वर होतो."

मग मॉनिटरने घड्याळ पाहिलं. "वहिनी, लोक येऊन बसलेत. आता काढला तर बरं दिसणार नाही. नंतर बदलू."

सभा छान झाली. टेकू वर्गाचा आधार होता, असं सहा जणांनी त्या परक्या मुलाकडे हात करून सांगितलं. एकाने तर डोळेही पुसले. ती भाषणभर माझ्याजवळच बसून होती. निघताना तिने विचारलं, "हा मला द्याल?"

"शाळेची मालमत्ता आहे हो," मॉनिटर म्हणाला. "मोबाईलवर काढून घ्या ना."

तिने काढला. काचेवर खिडकीचा उजेड होता. बोटं अंधुक आली, त्यांच्यावर तिचाच चेहरा. तिने पुन्हा काढला. तेच आलं. मग फोन पर्समध्ये टाकून ती गेली.

घुसखोराचा फोटो आता हॉलच्या भिंतीवर कायमचा लागला आहे. मी भांडारात परत आलो आहे.

मित्रांनो, उद्या तुमचाही फोटो निघेल. त्यात स्वतःला जरूर शोधा. सापडलात की जरा खाली बघा, आपण कशावर उभे आहोत ते. आणि कधी भांडाराकडे आलात तर मला अख्खा पुसू नका, तेवढा वेळ कोणाला असतो? उजवी कड तेवढी पुसा. कसर फळीपर्यंत आली आहे. करंगळी बाहेर आहे; आधी तीच जाईल.